फाट्यावर थांबलेली बस

त्यांची बस फाट्यावरच थांबली. पुढचा रस्ता बैलगाडीच्या बेताचा आणि बस एसीची, लांबलचक. ड्रायव्हर खाली उतरला, वळणाकडे एकदा बघितलं, नाही म्हणून मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली. मग शहरातली बेचाळीस मुलं, चार मिस, एक ट्रस्टी आणि एक कॅमेरावाला अशी सगळी वरात खाचरांच्या बांधांवरून आमच्या शाळेकडे निघाली.

जानेवारी २०२० ची गोष्ट. भात निघून खाचरांत हरभरा उभा होता. आमची चौथीची चार पोरं त्यांना आणायला फाट्यावर गेली होती. त्यांनी सवयीप्रमाणे हरभऱ्याच्या शेंड्यावरून बोटं फिरवली आणि चाटली. शहरातल्या मुलांना ते काय चाललंय कळेना. एकाने धीर करून बोट लावलं. आंबट! मग सगळीच रांग मोडून रानात शिरली. मिसनी मागून ‘डोंट टच, डोंट टच’ चालवलं होतं, पण आंब एकदा जिभेला लागल्यावर कोण ऐकतंय. मी शाळेच्या पायरीवरून हे बघत होते आणि उशीर होतोय म्हणून वैतागत होते. त्या दिवसातला खरा कार्यक्रम तेवढाच होता, हे मला फार उशिरा कळलं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. पुणे जिल्ह्याचा मावळ पट्टा. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी, पट एकतीस. वरून पत्र आलं होतं: ट्विनिंग. एक सरकारी शाळा, एक खासगी शाळा, यांची जोडी लावायची, एकमेकांकडे जायचं, एकमेकांकडून शिकायचं. समग्र शिक्षामधली ही योजना. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही हे कलम आहे, देशभर अशा जोड्या लावाव्यात म्हणून. आमच्या वाट्याला शहराच्या पश्चिम कडेची, आयटीवाल्यांच्या मुलांची एक मोठी शाळा आली. तिची एका वर्षाची फी मी कुणाला सांगितली नाही. गावात उगीच चर्चा नको.

पुढचा कार्यक्रम कुणालाही ओळखीचा वाटेल. स्वागतगीत झालं. ट्रस्टींचं भाषण झालं. त्यांनी साठ दप्तरं आणली होती, प्रत्येकावर त्यांच्या शाळेचं नाव आणि बोधचिन्ह. एकतीस मुलांनी एकेक दप्तर घेताना कॅमेऱ्याकडे बघायचं होतं. पहिलीतली एक पोरगी कॅमेऱ्याकडे न बघता दप्तराची चेन उघडून आत बघायला लागली, तर तिचा फोटो परत घेतला. पुढची दोन वर्षं आमची पोरं दुसऱ्या शाळेचं नाव पाठीवर घेऊन आमच्या शाळेत येत होती. मला ते खुपायचं, पण दप्तर चांगलं होतं, पावसात भिजत नव्हतं. मी काय बोलणार?

जेवायच्या वेळी एक गंमत झाली. त्यांचे डबे होते, आमची खिचडी. त्यांच्यातला एक जाडसर, चष्मेवाला मुलगा आमच्या पंगतीशी येऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, ‘मला पण ताट द्या ना.’ शालेय पोषण आहाराचा तांदूळ प्राथमिकला दर मुलामागे १०० ग्रॅम. एकतीस मुलांचे तीन किलो शंभर ग्रॅम सकाळी वजन करून काढले होते, संख्या ॲपवर गेली होती. मी मदतनीस ताईंकडे बघितलं, ताईंनी माझ्याकडे. तेवढ्यात त्यांची एक तरुण मिस धावत आली. पालकांच्या संमतिपत्रात बाहेरचं खाणं बसत नव्हतं. मी नाही म्हटलं रजिस्टरसाठी, तिने नाही म्हटलं फॉर्मसाठी. मुलगा ताईंच्या पातेल्याकडे बघत परत गेला. ती मिस आणि मी क्षणभर एकमेकींकडे बघून हसलो. दोघीही हुकमाच्या ताबेदार, एवढीच ओळख पटली.

चार वाजता ते गेले. केंद्रप्रमुख साहेबांना फोटो पाठवले. ट्विनिंग झालं.

पुढच्या शिक्षण परिषदेत मी हे सांगितलं. शिक्षण परिषद म्हणजे केंद्रातल्या दहा-बारा शाळांच्या शिक्षकांची महिन्यातून एकदाची बैठक. राज्यात अशी ४,८६० केंद्रं आहेत. आमचे एक ज्येष्ठ गुरुजी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, ‘बाई, खासगीवाल्यांशी आपली भागीदारी जुनीच आहे की. दर जूनला आपली पोरं ते नेतात आणि आपण दाखले देतो.’

हसलो सगळे, पण खोटं काय होतं? महाराष्ट्रातल्या खेड्यात चौथीपर्यंत झेडपी आणि पुढे कुठल्यातरी संस्थेचं हायस्कूल, ही वाट इतकी मळलेली आहे की ती कुणी पाडली हे आपण विचारतही नाही. तिची आखणी हंटर आयोगाची. १८८२ मध्ये तो आला आणि त्याने प्राथमिक शाळा स्थानिक बोर्डांकडे द्याव्यात, माध्यमिक आणि वरच्या शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून अनुदानावर खासगी संस्थांना पुढे करावं, असं सुचवलं. त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी आपलं निवेदन ठेवलं होतं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे, हे त्यांचं दुखणं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी. सक्तीचा कायदा देशभर लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावं लागलं.

तर गुरुजी म्हणत होते ती भागीदारी. मे महिन्याच्या उन्हात हायस्कूलचे शिक्षक मोटारसायकलवर टॉवेल गुंडाळून वाडीवाडीत फिरतात. पाचवीची पोरं मिळाली नाहीत तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तिथे, पद उडतं, शिक्षक अतिरिक्त ठरतो, समायोजनात कुठेतरी लांब जाऊन पडतो. म्हणून कुणी गणवेश देऊ करतं, कुणी रिक्षाचं भाडं भरतं. मी त्यांना चहा करून दिलाय. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक पाचवीपर्यंत केल्यावर काही झेडपी शाळांनी पाचवी जोडली, तेव्हा तर हेच शिक्षक हातघाईवर आले होते. एकाच पोरावर दोघांची नोकरी टांगलेली असते, तिथे एकमेकांकडून शिकायचं कसं?

डी.एड. करताना आम्हाला जे. पी. नाईक होते, परीक्षेत चार मार्कांना. कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करणारे आणि कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. १९६६ च्या त्या अहवालात शाळा संकुलाची कल्पना आहे: मध्ये एक माध्यमिक शाळा, भोवतीच्या प्राथमिक शाळा तिला जोडलेल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षक वाटून घ्यायचे. मी पाठ करून लिहिलं आणि चारपैकी तीन मिळवले. आम्ही ज्या हायस्कूलला दरवर्षी पोरं पाठवत होतो तिथली प्रयोगशाळा मी एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही आतून बघितली नाही.

असं नाही की खासगीतून सरकारीकडे कधी काही गेलंच नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पोरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी केलं. तिला नाव पडलं अंगणवाडी. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि ते नाव सरकारच्या पाटीवर चढलं. आमच्या शाळेशेजारी ती पाटी आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसननी छोटी शाळा काढली आणि आजूबाजूच्या सरकारी शाळांतल्या वाचनाकडेही लक्ष दिलं. ही माणसं बसमधून येऊन चारला परत जाणारी नव्हती. तिथेच राहिली, आणि आधी आपल्या शाळेत हात भाजून मग दुसऱ्याला सांगायला गेली.

आणि दुसरीकडे २०२३ ची दत्तक शाळा योजना. ग्रामीण शाळा पाच वर्षांसाठी घ्यायची तर पन्नास लाखांच्या, दहा वर्षांसाठी एक कोटीच्या वस्तू आणि सेवा द्यायच्या. देणगीदाराला हवं तर शाळेला आपलं नाव लावता येईल. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हे वाचून दाखवलं तर एक आजोबा म्हणाले, ‘दत्तक देतात ते पोर कुणाचं असतं, बाई?’ मी पुढचा विषय घेतला.

आमच्या ट्विनिंगचं म्हणाल, तर त्या पहिल्या भेटीनंतर कोविड आला आणि जोडी कागदावर राहिली. २०२२ च्या जुलैमध्ये मला एक फोन आला. ‘बाई, ओळखलंत का? मी खिचडीवाली मिस.’

तिची अडचण वेगळीच होती. महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. पहिली आणि सहावीपासून सुरुवात, पुढे दरवर्षी एकेक इयत्ता. तिच्या शाळेत मराठी तिच्याकडे आली, कारण तिचं आडनाव मराठी होतं आणि तिने डी.एड. मराठीतून केलं होतं. वर्गात बत्तीस मुलं. घरी तमीळ, बंगाली, हिंदी, तेलुगू. मराठी बोलणारी पाच, तीही शाळेत इंग्रजीच बोलणारी. ती अ अननसाचा, आ आईचा गिरवून घेत होती. पालक विचारत होते, ‘व्हाय धिस?’

मी आधी मनातल्या मनात म्हटलं, दप्तरं आणलीत, आता पुस्तकही छापून घ्या. मग लक्षात आलं की हे काम मी आयुष्यभर केलंय. आमच्या पटावर कातकरी वाडीची नऊ-दहा पोरं. घरची बोली कातकरी. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, मेमध्ये परततात. पुस्तकातली मराठी त्यांना परकी असते आणि त्या परकेपणाला आपण ‘पोरं मंद आहेत’ म्हणतो. मीही पहिली चार वर्षं म्हणायचे. तिच्या तमीळ मुलाचं आणि माझ्या कातकरी मुलाचं दुखणं एकच होतं. फरक एवढाच, की तिच्या मुलाला मराठी आलं नाही तर पालक शाळेला जाब विचारतात आणि माझ्या मुलाला आलं नाही तर पालक मुलाला मारतात.

मग दर शनिवारी दुपारी फोन सुरू झाला. मी सांगितलं, वर्णमाला सोड. आधी महिनाभर नुसतं बोलायला लाव. चित्र ठेव, गप्पा मार, उत्तर कोणत्याही भाषेत येऊ दे, तू मराठीत परत म्हण. लिहायला घेशील तेव्हा अ-आ-इ नको. ज्या अक्षरांतून लगेच शब्द होतात ती पाच-सहा घे. क, म, ळ, ब, द, ल. कमळ, बदक, कलम, मळ, दल. काना नंतर. पहिल्याच आठवड्यात मूल शब्द वाचतं आणि ‘मला येतं’ म्हणतं.

तिची मोठी तक्रार लिंगाची. ‘माझा पुस्तक’, ‘मेरी टीचर आला’. मी तिला आमचा खेळ सांगितला. अंगणात फक्कीने तीन मोठे गोल काढायचे: तो, ती, ते. मुलाच्या हातात वस्तू द्यायची आणि म्हणायचं, पळ. फळा, खुर्ची, पुस्तक. दगड, माती, पान. चुकीच्या गोलात गेला तर सगळ्यांनी मिळून ओरडायचं, ‘ती खुर्ची!’ दोन आठवडे रोज दहा मिनिटं. नियम सांगायचाच नाही. नियम मलाही येत नाही, खरं सांगायचं तर.

तिने त्यांच्या फुटबॉलच्या हिरव्या मैदानावर गोल काढले. पीटीचे सर चिडले. आणि पहिल्याच दिवशी पेनवरून भांडण झालं. मराठी घरातल्या पाच मुलांपैकी दोघं ‘तो’मध्ये, दोघं ‘ते’मध्ये; पाचवी, आजोळ विदर्भातलं, ती ठामपणे ‘ती’मध्ये. तिने घाबरून मला फोन लावला. मी म्हटलं, तिन्ही गोलांना बरोबर दे. ‘असं कसं, बाई? वर्कशीटवर काय लिहू?’

त्या डिसेंबरात ते परत आले. या वेळी बस नव्हती, दोन क्रूझर जीप होत्या, थेट पटांगणात आल्या. ट्रस्टी नव्हते, कॅमेरावाला नव्हता. संमतिपत्रात जेवण घातलेलं होतं, आणि समितीतल्या बायकांनी घरचा इंद्रायणी तांदूळ आणला होता, त्यामुळे माझं रजिस्टरही सुरक्षित. मुलं दिवसभर तीन गोलांत पळत होती, आणि यात आमची पोरं त्यांच्या पुढे. आमच्यातला एक कातकरी मुलगा, जो वर्गात तोंड उघडत नसे, तो शहरातल्या पोरांना ‘चुकला, चुकला, ते झाड’ म्हणून हाताला धरून ओढत होता. मी त्याचा आवाज तेव्हा पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला.

दुपारी ती मिस आमच्या खोलीत फिरत होती. कोपऱ्यात पत्र्याची पेटी, कुलूपबंद. ‘यात काय?’

‘पुस्तकं.’

‘मग बाहेर का नाहीत?’

मी तिला जडसंग्रह नोंदवही दाखवली. प्रत्येक पुस्तकाचा नंबर, किंमत, शिक्का. फाटलं, हरवलं तर तपासणीत उत्तर द्यायचं. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनी चार्ज देताना पुस्तकं मोजून दिली होती, मीही मोजून देणार होते. एकशे चौऱ्याऐंशी पुस्तकं, एकाचंही पान मुडपलेलं नाही. मी हे जरा अभिमानानेच सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘बाई, निर्लेखन नावाचं काही असतं ना तुमच्यात? फाटली की करा की.’

असतं. निकामी झालेली वस्तू नोंदवहीतून रीतसर कमी करायची, हे नियमात असतं. खुर्च्यांचं मी केलं होतं, पुस्तकांचं कधी सुचलंच नाही. कारण निर्लेखन करायला आधी पुस्तक फाटावं लागतं. त्या दुपारी आम्ही सुतळी बांधली, त्यावर पुस्तकं घोड्यावर बसवल्यासारखी टांगली. वर्षाअखेर एकवीस फाटली, सात हरवली. मी प्रस्ताव पाठवला. साहेबांनी फोन करून विचारलं, ‘बाई, शाळेत काय झालं? आग लागली का?’

जाताना फाट्यावर आम्ही चहा प्यायलो. तेव्हा तिच्या पगाराचा विषय निघाला. आकडा तिनेच सांगितला. माझ्या निम्म्याहून कमी, आणि ऑर्डर अकरा महिन्यांची. मी चहाचा कप खाली ठेवला. ज्यांच्या घरी दोन गाड्या, त्या मुलांची बाई बसचा पास काढून येते. आणि ज्यांच्या घरी पायात चप्पल नाही, त्या मुलांची बाई सातव्या वेतन आयोगातली. खासगी म्हणजे श्रीमंत आणि सरकारी म्हणजे गरीब, असं आम्ही दोन्हीकडचे मानून चालतो. पण हिशेब वर्गाच्या दाराशी उलटा होतो. वर तिच्यावर तिच्या पालकांचा वचक होता, माझ्यावर तो कधीच नव्हता. बदली सोडली तर मला कुणी हलवू शकत नव्हतं. त्या निर्धास्तपणाचं मी इतक्या वर्षांत काय केलं, हा प्रश्न मला त्या चहावर पडला आणि मी भजी मागवली.

पुढच्या एप्रिलमध्ये तिची ऑर्डर वाढली नाही. कारण तिला सांगितलं नाही, मलाही कळलं नाही. नव्या मिसना मी एकदा फोन केला. त्या सभ्यपणे म्हणाल्या, ट्विनिंगचं त्या वर्षीचं पत्र अजून आलेलं नाही. जोडी दोन शाळांची नव्हतीच मुळी.

माझं नोकरीचं शेवटचं वर्ष पंचवीस टक्क्यांच्या गोंधळात गेलं. शिक्षण हक्क कायद्यातलं ते कलम, विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशवर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना. फाट्यापलीकडे एक इंग्रजी शाळा उभी राहिली आणि सोडतीत आमच्या गावची दोन-तीन पोरं दरवर्षी तिकडे जायला लागली. एकतीसचा पट बावीसवर आला. मग ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलला: ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला पंचवीस टक्क्यांतून सूट. माझ्या सहकारी गुरुजींनी पेढे आणायचे बाकी ठेवले होते. पट वाचणार! मलाही बरं वाटायला हवं होतं. पण याचा अर्थ सरकारच म्हणत होतं, की गरिबाचं पोर आमच्याकडे, पैसेवाल्याचं तिकडे, आणि दोघांची गाठ पडायची गरज नाही. आमची पोरं हवीत म्हणून मी एवढी स्वार्थी व्हावं का, हे मला ठरवता येईना. मेमध्ये मी निवृत्त झाले आणि १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. गुरुजींनी मला फोन करून सांगितलं, बातमी वाईट की चांगली हे न सांगता.

गेल्या वर्षी पावसाळ्यात पुन्हा तोच नंबर मोबाइलवर. मिस आता मिस नाही. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिली होती, पवित्र पोर्टलवर निवड झाली, जिल्हा परिषदेची शाळा मिळाली, नंदुरबारकडे. डोंगरातली, द्विशिक्षकी, आणि दुसरे शिक्षक दीर्घ रजेवर. मुलांची भाषा तिला कळत नाही, तिची मुलांना. ‘गोल काढलेत, बाई,’ म्हणाली. ‘आधी त्यांच्या भाषेतले शब्द मी शिकतेय, मग तो-ती-ते. पण एक विचारायचं होतं. इथेही पेटी आहे. किल्ली कुणाकडेच नाही. मागच्यांनी चार्जमध्ये पेटी दिलीय, किल्ली नाही. आत काय आहे, नोंदवहीतही नाही. काय करू? पत्र लिहू का वर?’

मी विचारलं, ‘शाळेजवळ मोठासा दगड आहे का गं?’